पन्नास, तीस आणि पाच

मंडळी, पगाराची स्लिप शेवटची कधी नीट वाचलीत? नोकरी महाराष्ट्रात असेल तर बहुतेकांच्या स्लिपवर 'प्रोफेशन टॅक्स' म्हणून २०० रुपये कापलेले दिसतील, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २५००. (राज्यघटनेनेच ही कमाल मर्यादा घातलीय, त्यामुळे टीम लीड असो की सीईओ, आकडा तोच!) हा व्यवसाय कर १९७५ साली आला तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुरीला हातभार लावायचा, असा साधा हिशोब.

आज हे आठवायचं कारण म्हणजे पाळणाघर. लंच टेबलवर हल्ली तोच विषय असतो. फी इतकी, पगार इतका, येण्याजाण्याचा खर्च वजा केला तर हातात उरतं काय? मग नोकरी अर्धवेळ करावी का? आणि ती करायची कोणी? (उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं. असो.)

पण हा हिशोब काही आयटीवाल्यांनी शोधून काढलेला नाही. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या खुलताबादच्या पट्ट्यातल्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबाद आणि आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या बायका तो रोज करत होत्या, तोही खडी फोडता फोडता.

आमच्याकडे जुन्या माणसांसमोर 'बहात्तर' म्हटलं की दोन शब्द हमखास येतात. रेशनवरचा लाल मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी. मे १९७३ मध्ये राज्यभर दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. रस्ते, पाझर तलाव, नाला बंडिंग. त्यात बायका प्रचंड संख्येने होत्या. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीला पुढे १९७७ च्या कायद्याने हक्काचं रूप दिलं आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा लागू झाला.

आता यातली मेख बघा. मजुरी तासावर नव्हती, मोजमापावर होती. खडी किती ब्रास झाली, माती किती खोदली, त्यावर टोळीचे पैसे. दर बाईला आणि पुरुषाला सारखाच. कागदावर एकदम न्याय्य! पण तान्हं मूल बाभळीच्या झोळीत ठेवून आलेली बाई दिवसातून चार वेळा उठणार. तेवढी तिची खडी कमी भरणार. म्हणजे मूल सांभाळायचा खर्च कुठल्याच हिशोबात न लिहिता तिच्या मजुरीतून परस्पर वजा व्हायचा. नाहीतर थोरल्या बहिणीची शाळा सुटायची. तोही खर्चच की! फक्त तो भरणारी आठ वर्षांची.

हे सरकारला कळत नव्हतं असं नाही. मुंबई प्रांताने १९२९ मध्येच बाळंतपणाच्या रजेचा कायदा केला होता. त्या विधेयकाला १९२८ मध्ये विधिमंडळात डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा दिला होता. पण तो कायदा कारखान्यातल्या बायकांसाठी होता आणि खुलताबाद तर तेव्हा निजामाच्या राज्यात! पुढे १९४८ चा फॅक्टरी अ‍ॅक्ट आला. त्यात पाळणाघराची अट होती, पण कारखान्यात ५० पेक्षा जास्त बायका असतील तरच. १९७६ मध्ये हा आकडा ३० वर आणला.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. ही 'इफ' कंडिशन चुकीच्या व्हेरिएबलवर लावलीय हो! बायका मोजल्या की मालकाला सोपा उपाय सापडतो: तिसाव्या बाईनंतर भरती बंद. पाळणाघराचा खर्च वाचला आणि कायदाही मोडला नाही.

रोजगार हमीच्या नियमांत पाणी, सावली, प्रथमोपचार यांच्या जोडीला पाळणाघरही होतं. पण खरी गंमत २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात आहे. (२ फेब्रुवारी २००६ ला तो आधी २०० जिल्ह्यांत लागू झाला, त्यात आपला जिल्हाही होता.) त्यात लिहिलं होतं की कामावर आलेल्या बायकांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर त्या बायकांपैकीच एकीला मुलं सांभाळायला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची.

दोन गोष्टी बघा. एक, मोजली मुलं, बायका नव्हे. दोन, मुलं सांभाळणं हे काम धरलं, खडी फोडण्याइतकंच. अंमलबजावणी अनेक ठिकाणी यथातथाच झाली, हेही खरं. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदाही मंजूर केला. पण ते दोन ओळींचं कलम मला आजही आपल्या एचआर पॉलिसीपेक्षा शहाणं वाटतं.

आपल्याकडे काय आहे? २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची रजा आली आणि ५० कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं झालं. इथे बाई-पुरुष सगळे मोजले, ही मोठी सुधारणा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही पन्नासचाच आकडा आहे. पण रजेचा पगार मालकाच्याच खिशातून जात असेल, तर लग्न झालेल्या मुलीच्या इंटरव्ह्यूला 'पुढचे प्लॅन्स काय?' हा प्रश्न येतोच. आणि ज्या ऑफिसात ४९ जण, तिथे?

आता शेवटचं. चार घरी अर्धा अर्धा दिवस काम करणाऱ्या मावशी कुठल्याच पन्नासात बसत नाहीत, कारण प्रत्येक घरात त्या एकट्याच असतात. आपली पोरं सांभाळतात म्हणून आपण दोघं कामावर जाऊ शकतो. त्या वेळात त्यांचं मूल कोण सांभाळतं, हे तुम्ही कधी विचारलंय का?