तेहतीस खणांचं देऊळ

जपानात क्योटो शहरात सांजुसांगेनदो नावाचं बौद्ध मंदिर आहे. नावाचा अर्थ तेहतीस खणांचं देऊळ. आपल्याकडं जुनी माणसं घर किती खणी असं विचारायची ना, तसंच हे. इमारत लाकडी, सुमारे १२० मीटर लांब. ११६४ साली बांधली, पुढं जळाली, १२६६ मध्ये पुन्हा उभी राहिली. आत कन्नोनच्या १००१ मूर्ती. कन्नोन म्हणजे आपल्याच देशातून तिकडं गेलेला करुणेचा बोधिसत्त्व, अवलोकितेश्वर. आणि या करुणेच्या पाठीमागं, पश्चिमेच्या ओसरीत, माणसं शेकडो वर्षं बाण मारत आली आहेत!

अहिंसेच्या घरात वाढलेल्या बाईला हे खटकणारच. पण त्या ओसरीत जीव कुणाचाच जात नव्हता. सतराव्या शतकात जपानातल्या लढाया थांबल्या होत्या. सामुराईंच्या हातात धनुष्य होतं, समोर शत्रू नव्हता. मग संस्थानासंस्थानांत चुरस लागली. ओसरीच्या एका टोकाला बसायचं आणि बाण थेट दुसऱ्या टोकाबाहेर काढायचा. वर छत ठेंगणं, त्यामुळं बाण उंच सोडायची सोय नाही. जरा चुकला की तुळईत रुतलाच. एका दिवस-रात्रीत ज्याचे जास्त पार जातील तो अव्वल. १६६९ मध्ये ओवारी संस्थानच्या होशिनो कानझाएमोननं १०,५४२ बाणांपैकी ८,००० पार केले. १६८६ मध्ये किशूच्या वासा दाइहाचिरोनं १३,०५३ सोडले, ८,१३३ पार गेले. हिशेब करून बघा, मिनिटाला नऊ बाण, तेही चोवीस तास! हा विक्रम पुढं कुणालाच मोडता आला नाही.

याची एक कथा तिकडं सांगतात. वासाचा हात सुजला, बाण चुकायला लागले. तेव्हा होशिनो स्वतः पुढं झाला, त्यानं सुरीनं हाताला चीर देऊन साकळलेलं रक्त काढलं, आणि वासानं त्याचाच विक्रम मोडला. खरं-खोटं देव जाणे. पण आकड्यांपेक्षा मला ही कथाच मोठी वाटते. आपल्या पुराणात भरत-बाहुबलींना मंत्र्यांनी सांगितलं होतं, सैन्य कशाला मारता, दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध करा. शस्त्राविना ईर्षा भागवायची ती युक्ती आणि ही ओसरी, दोन्ही मला एकाच जातीच्या वाटतात. मात्र बाहुबली जिंकून सगळं सोडून गेला. इथं तेवढं कुणी केलेलं दिसत नाही.

पुरुषांच्या त्या चुरशीची जागा आता जानेवारीच्या मध्यावर दरवर्षी होणाऱ्या मेळाव्यानं घेतली आहे. विशीत आलेली मुलं-मुली देशभरातून येतात. अंतर साठ मीटर, प्रत्येकाला बाण दोनच. गर्दी होते ती मुलींना बघायला. अंगात लांब बाह्यांचे रंगीत किमोनो, खाली घोळदार हाकामा, बाह्या दोरीनं घट्ट मागं बांधलेल्या. पदर खोचून कामाला लागलेल्या आपल्या बायकाच जणू! धनुष्य मात्र त्यांच्याहून उंच. ज्या जागी पूर्वी संस्थानांची अब्रू टांगणीला लागायची, तिथं आता सज्ञान झालेली पोर श्वास रोखून उभी राहते. थंडीत बोटं बधिर झालेली असतात, आई-वडील दोरीपलीकडून बघत असतात.

त्याच दिवशी आत देवळात वेगळीच रांग असते. विलोच्या डहाळीनं मंतरलेलं पाणी भाविकांच्या डोक्यावर शिंपडतात. त्यानं डोकेदुखी जाते म्हणे. आपल्यातल्या किती जणी त्या रांगेत आधी धावतील, ते मी सांगायला नको.