पहिली आज्ञा कोण देतो?

राजुऱ्यातल्या एका शाळेत आम्ही गेलो, तेव्हा कपाटात एक लॅपटॉप पडून होता. बटण दाबले की दिवा लागे, पंखा फिरे, तीनदा बीप वाजे. पडदा मात्र काळाच. डेडस्टॉक रजिस्टरात त्याच्यापुढे पेन्सिलीने ‘निर्लेखन’ असे लिहिलेही होते. “मेला तो,” गुरुजी म्हणाले. पण मेलेला बीप कसा वाजवील? ते समजायला थोडे मागे जावे लागते.

संगणक स्मृतीतल्या आज्ञा वाचून काम करतो. पण त्या आज्ञा स्मृतीत आणायच्या, तर त्यासाठीही आज्ञा हव्यातच! आपल्याच खांद्यावर आपण बसण्यासारखा हा प्रकार. इंग्रज म्हणतात, आपल्याच बुटाच्या पट्ट्या धरून स्वतःला उचलणे. ‘बूट होणे’ हा शब्द त्यातूनच आला.

केंब्रिजमध्ये १९४९ साली एडसॅक हा संगणक चालू झाला. डेव्हिड व्हीलर यांनी त्यासाठी ३१ आज्ञा लिहिल्या. टेलिफोन एक्स्चेंजात वापरतात तसल्या फिरत्या स्विचांवर त्या तारांनी पक्क्या केल्या होत्या. बटण दाबताच त्या स्मृतीत उतरत आणि पुढचा कार्यक्रम कागदी पट्टीवरून वाचून घेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या टिफ्रॅकची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. अशा कड्यांचे चुंबकत्व वीज गेली तरी टिकते. पुढे अर्धवाहकांची स्वस्त स्मृती आली, ती मात्र वीज जाताच कोरी! १९७५ च्या अल्टेअरवर लोक पहिल्या आज्ञा दर वेळी खटके वरखाली करून हाताने भरत. एक खटका चुकला की आज्ञाच चुकली.

आयबीएमच्या १९८१ च्या पीसीत या आज्ञा न पुसणाऱ्या चिपमध्ये होत्या. त्या आधी यंत्राचीच तपासणी करीत आणि सारे ठीक असले तर एक छोटा बीप वाजे. बीपच का? कारण पडदा चालण्याआधीच बिघाड सापडला, तर तो सांगायचा कसा? १९८४ च्या मॉडेलात बॅटरीवर चालणारे घड्याळही आले.

आजच्या लॅपटॉपमध्येही हाच क्रम आहे, म्हणून तो कुठे अडला ते पाहावे. दिवाच नाही, तर चार्जर किंवा बॅटरी. कंपनीचे चिन्ह दिसून थांबला, तर बहुधा डिस्क किंवा तिच्यावरची प्रणाली. बीपांचा अर्थ मात्र प्रत्येक कंपनीचा वेगळा. आम्ही पुस्तिका पाहिली: तीन बीप म्हणजे स्मृती. राजुऱ्याभोवती कोळशाच्या खाणी आणि सिमेंटचे कारखाने, धुळीला काय तोटा! चार्जर आणि बॅटरी काढून, लोखंडी कपाटाला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवली, स्मृतीची पट्टी काढली, तिचे सोनेरी टोक खोडरबराने हलकेच पुसले आणि ती पुन्हा घट्ट बसवली. (काही लॅपटॉपमध्ये ती डाखून बसवलेली असते, तिथे हा उपाय नाही.)

पडदा उजळला. तारीख मात्र कित्येक वर्षे मागची, त्यामुळे संकेतस्थळे उघडेनात; त्यांची प्रमाणपत्रे तारखेवरच तपासली जातात. घड्याळाचा बटणसेल संपला होता. तो बाजारातून आणून बसवला. मुलांनी लगेच विचारले, “तीन बीप आता कधी वाजणार?”