जपानातील चहाचे वाडगे

चहा म्हटला की आपल्यापुढे कपबशी येते. पण जपानात पूजेच्या सोवळ्याने जो चहा करतात, त्याच्या पात्राला ना कान, ना बशी. नुसता वाडगा, तो दोन्ही हातांनी उचलून प्यायचा. हिरव्या पानांची भुकटी त्यातच टाकून, वर गरम पाणी ओतून, बांबूच्या लहानशा रवीने घुसळतात. रवी मोकळी फिरेल एवढी आत जागा हवी, हे आपल्याला सांगायला नकोच.

इ. स. ११९१ मध्ये एइसाइ नावाचा भिक्षू चीनहून परतला व ही भुकटीच्या चहाची रीत जपानात रुजली. पुढे वाडगेही चीनचेच येत. काळ्या झिलईचे, वर पसरट, खाली निमुळते. त्यांना तेनमोकू म्हणतात. बूड इतके लहान की खाली बैठक द्यावी लागे.

सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू हा चहाचा मोठा आचार्य झाला. त्याला दिमाख नको होता. क्योतोच्या चोजिरो नावाच्या, कौले घडविणाऱ्या कारागिराकडून त्याने वाडगे करविले. चाकावर नव्हे, हातानेच माती दाबून, मग तासून. बाजू उभट, रंग काळा किंवा तांबडा, नक्षी मुळीच नाही. हेच राकू वाडगे. त्या घराण्यात आजही हेच काम चालते. रिक्यूला मात्र १५९१ मध्ये हिदेयोशी या सत्ताधीशाच्या हुकमाने पोट चिरून घ्यावे लागले.

याच हिदेयोशीने १५९२ ते १५९८ पर्यंत कोरियावर स्वाऱ्या केल्या. कोरियाचे साधे, ओबडधोबड वाडगे जपानी रसिकांना फार प्रिय. सरदारांनी तिकडचे कुंभारच धरून आणले. हागी व कारात्सु येथील नामांकित वाडगे त्यांच्या हातचे. हागीच्या झिलईला बारीक चिरा असतात. त्यांत चहा मुरतो आणि वर्षानुवर्षे रंग पालटत जातो. लोक त्याचे कौतुक करतात, मला मात्र परमुलखात चूल मांडणाऱ्या त्या बायका आठवतात. त्यांतील एकीचा नवरा १६१८ मध्ये वारला. तेव्हा सुमारे नऊशे माणसे घेऊन ती आरिता गावी गेली आणि तिथे चिनी मातीच्या भांड्यांचे काम तिने चालविले. १६५६ मध्ये, ९६ वर्षांची होऊन ती गेली. हयाकुबासेन, म्हणजे शंभरीची पुण्यवान आजी, असे तिला म्हणतात. पणतूने तिचा स्मारकशिलालेख उभारला. तिचे माहेरचे नाव मात्र कोणाच्या ओठी राहिले नाही.

ऋतूप्रमाणेही आकार बदलतात. उन्हाळ्यात चहा लवकर निवावा म्हणून पसरट, थंडीत ऊब टिकावी म्हणून उंच, नळकांड्यासारखा. वाडग्याची देखणी बाजू यजमान पाहुण्याकडे करून ठेवतो. पाहुणा ती बाजू ओठांशी येऊ नये म्हणून वाडगा थोडा फिरवितो, आणि मगच पितो.