बझालिया कायदा

बझालिया कायदा (अधिकृत नाव: १३ मे १९७८ चा कायदा क्रमांक १८०) हा इटलीतील मनोरुग्णालये टप्प्याटप्प्याने बंद करून मानसिक आरोग्यसेवा समाजात नेणारा कायदा होय. मनोविकारतज्ज्ञ फ्रांको बझालिया (१९२४–१९८०) यांच्या नावाने तो ओळखला जातो. डिसेंबर १९७८ मध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा स्थापन करणाऱ्या कायदा क्रमांक ८३३ मध्ये त्याच्या तरतुदी समाविष्ट करण्यात आल्या.

पार्श्वभूमी

१९०४ च्या कायद्यानुसार, स्वतःला वा इतरांना धोकादायक अथवा सार्वजनिक मर्यादेचा भंग करणारी मनोरुग्ण व्यक्ती मनोरुग्णालयात ठेवता येत असे. दाखल होण्याची नोंद न्यायालयीन दप्तरात गुन्हेगारांप्रमाणे होई. उपचारांपेक्षा समाजाचे संरक्षण हा या व्यवस्थेचा मुख्य हेतू होता. १९६८ च्या सुधारणेने ही नोंद रद्द झाली आणि स्वेच्छेने दाखल होण्याची सोय झाली.

बझालिया १९६१ मध्ये गोरित्सिया येथील मनोरुग्णालयाचे संचालक झाले. रुग्णांना बांधून ठेवण्याची प्रथा त्यांनी थांबवली, वॉर्डांची दारे उघडली आणि रुग्ण, परिचारक व डॉक्टर यांच्या एकत्रित सभा सुरू केल्या. रुग्णाची दिसणारी निष्क्रियता बऱ्याच अंशी आजाराची नसून दीर्घ कोंडवासाची निष्पत्ती असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९६८ मध्ये रजेवर घरी गेलेल्या एका रुग्णाकडून पत्नीची हत्या झाली. त्या प्रकरणी बझालिया यांच्यावर खटला चालला. त्यात ते निर्दोष ठरले.

त्रिएस्ते येथील प्रयोग

१९७१ मध्ये बझालिया त्रिएस्ते येथील सान जोव्हान्नी मनोरुग्णालयाचे संचालक झाले. तेथे सुमारे १,२०० रुग्ण होते. सफाईसारखी कामे विनावेतन करणाऱ्या रुग्णांची सहकारी संस्था स्थापून त्यांना कराराने वेतन देण्यात आले. बरे झालेल्या पण जाण्यास जागा नसलेल्यांना 'पाहुणे' म्हणून आवारात राहू दिले गेले. १९७३ मध्ये रुग्ण व कलावंतांनी लाकूड आणि कागदाच्या लगद्यापासून 'मार्को काव्हाल्लो' नावाचा निळा घोडा बनवला. रुग्णालयातील कपड्यांची गाडी ओढणाऱ्या खऱ्या घोड्याचे हे नाव होते. हा घोडा दारातून मावेना, म्हणून दाराचा भाग फोडून त्याची शहरातून मिरवणूक काढण्यात आली. पुढे तो या चळवळीचे प्रतीक बनला.

प्रमुख तरतुदी

* नवी मनोरुग्णालये बांधण्यास आणि अस्तित्वात असलेल्यांत नवे रुग्ण दाखल करण्यास बंदी.
* उपचार सामान्यतः स्वेच्छेने व रुग्णालयाबाहेरील सेवांमार्फत.
* दाखल करणे आवश्यक असल्यास सर्वसाधारण रुग्णालयात, जास्तीत जास्त १५ खाटांच्या विभागात.
* सक्तीने दाखल करण्यासाठी तातडीच्या उपचारांची गरज, रुग्णाचा नकार आणि बाहेर उपचारांची सोय नसणे या तिन्ही अटी आवश्यक. यासाठी दोन डॉक्टरांचे मत व महापौरांचा आदेश लागतो, तसेच न्यायाधीशांची मान्यता घ्यावी लागते. मुदत सात दिवसांची असून ती वाढवता येते.

अशा प्रकारे 'धोकादायकता' हा निकष वगळण्यात आला आणि सक्तीच्या उपचारांतही रुग्णाचे नागरी व राजकीय हक्क अबाधित राहिले.

अंमलबजावणी

कायद्याने दिशा ठरवली, मात्र पर्यायी सेवा उभारण्याची जबाबदारी प्रादेशिक सरकारांवर सोपवली. त्यामुळे अंमलबजावणी असमान राहिली. त्रिएस्तेमध्ये चोवीस तास चालणारी, मोजक्या खाटांची सामुदायिक केंद्रे, निवासगृहे व रोजगार देणाऱ्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या. अनेक ठिकाणी मात्र अशा सेवा दीर्घकाळ अपुऱ्या होत्या. जुनी मनोरुग्णालये बंद होण्याची प्रक्रिया नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत चालली. गुन्हा केलेल्या मनोरुग्णांसाठीची न्यायवैद्यक मनोरुग्णालये या कायद्याच्या कक्षेबाहेर होती. त्यांतील शेवटचे २०१७ मध्ये बंद झाले आणि त्यांची जागा लहान निवासी केंद्रांनी घेतली.

टीका व प्रभाव

पर्यायी सेवा नसलेल्या भागांत रुग्णांचा भार कुटुंबांवर, विशेषतः स्त्रियांवर पडला, ही या कायद्यावरील प्रमुख टीका होय. रुग्णांच्या नातेवाइकांच्या काही संघटनांनी बदलाची मागणी केली. समर्थकांच्या मते दोष कायद्याचा नसून अपुऱ्या अंमलबजावणीचा आहे. कायदा संमत झाल्यानंतर दोन वर्षांनी, १९८० मध्ये, बझालिया यांचे निधन झाले. त्रिएस्ते येथील सेवेला जागतिक आरोग्य संघटनेने सहयोगी केंद्राचा दर्जा दिला आणि अनेक देशांतील सुधारकांनी तिचा अभ्यास केला. सान जोव्हान्नीचे आवार आज सार्वजनिक उद्यान म्हणून सर्वांना खुले आहे.