काळजाचा ठावठिकाणा

मराठी माणसाचे काळीज छातीत असते. ते धडधडते, त्यात धस्स होते, कळ येते, दुसऱ्याचे हाल पाहून त्याचे पाणी पाणी होते, आणि पोटच्या लेकराला तर आपण काळजाचा तुकडाच म्हणतो. पण मटणाच्या दुकानात उभे राहून ‘पाव किलो कलेजी द्या’ म्हटले, तर दुकानदार हृदयाकडे हातही नेत नाही. गर्द तपकिरी, लुसलुशीत यकृत कापून तो तराजूत टाकतो. हृदय हवे असेल तर त्याच्याकडे ‘दिल’ मागावे लागते. दुकानातली कलेजी आणि छातीतले काळीज ही एकाच शब्दाची दोन रूपे आहेत. मग मूळचा अवयव कोणता, आणि शब्दाने जागा बदलली ती कशी?

संस्कृतात ‘यकृत्’ आहेच, पण त्याच्या जोडीला ‘कालेय’ आणि ‘कालखंड’ हे शब्दही त्याच अवयवाला आहेत. ‘काल’ म्हणजे काळा. काळपट रंगाचा म्हणून कालेय, आणि काळा तुकडा म्हणून कालखंड. या कालखंडाचा घड्याळातल्या काळाशी संबंध नाही. ‘कालेय’पासून ‘काळीज’पर्यंतची वाट बरीच सरळ दिसते. शब्दाच्या आतला ‘य’ प्राकृतात काही ठिकाणी ‘ज्ज’ होतो. शय्येची ‘सेज्जा’ झाली आणि आपण ‘शेज’ म्हणू लागलो. पेयेची ‘पेज्जा’ झाली आणि आपल्या ताटात ‘पेज’ आली. तसेच ‘कालेय’चे ‘कालेज्ज’ झाले असावे. पुढे दोन स्वरांमधल्या एकट्या ‘ल’चा मराठीने नेहमीप्रमाणे ‘ळ’ केला, जसे फल–फळ, जल–जळ. म्हणजे आजाऱ्याची पेज आणि आजाऱ्याचे काळीज एकाच ध्वनिनियमातून आलेले आहेत. अर्थ मात्र मुळात यकृत.

या मूळ अर्थाचा साक्षीदार सोलापूर जिल्ह्यातल्या अक्कलकोटहून फार लांब नाही. सोलापूरच्या पूर्व भागात, पद्मशाली विणकरांच्या घरांत तेलुगू बोलली जाते, आणि तेलुगूत यकृताला आजही ‘कालेयम्’ म्हणतात. हृदयाला त्यांचा शब्द वेगळा, ‘गुंडे’. इकडे अक्कलकोटात घरोघर कन्नड ऐकू येते, तिथे हृदयाला ‘गुंडिगे’ आहे, आणि ‘गुंडिगे’चा दुसरा अर्थ धाडस. एकाच जिल्ह्यात एक भाषा ‘कालेयम्’ म्हणून यकृत दाखवते आणि दुसरी ‘काळीज’ म्हणून छातीवर हात ठेवते.

धाडसावरून ‘जिगर’ आठवतो. ‘जिगरबाज’, ‘जिगरी दोस्त’ म्हणताना यकृत आपल्या मनातही येत नाही, पण फारसीत ‘जिगर’ म्हणजे यकृतच, आणि तो ‘यकृत्’चा सख्खा भाऊ आहे. मुळातला आरंभीचा ‘य’ फारसीत ‘ज’ होतो. युवन्–जवान पाहा, यव–जव पाहा, म्हणजे यकृत्–जिगर पटेल. लॅटिनमधला ‘येकुर’ याच कुळातला. तेव्हा यकृतापासून हिमतीकडे आणि मायेकडे जाण्याची खोड एकट्या मराठीची नाही. तिचे कारण जुन्या शरीरशास्त्रात असावे. चरक आणि सुश्रुत दोघेही रक्तवह स्रोतसांचे मूळ यकृत आणि प्लीहा यांत मानतात. रक्त जिथे उगवते तिथेच जीव, जिथे जीव तिथेच भावना, अशी ती साखळी दिसते. पुढे जीव छातीत धडधडतो हे मनात पक्के झाले तेव्हा नाव तेच राहिले आणि अवयव तेवढा बदलला.

इतके दिवस मी हे शब्दांचे कोडे म्हणून पाहत होतो. मग एचआयव्हीच्या उपचारांवरचे संशोधन वाचताना याच दोन अवयवांची जोडी पुन्हा समोर आली. आपल्या देशात सरकारी एआरटीच्या, म्हणजे विषाणूला आवरणाऱ्या उपचाराच्या, मोफत गोळ्या १ एप्रिल २००४पासून मिळू लागल्या. त्याआधीचे मरण टळले, माणसे चाळिशी-पन्नाशी पाहू लागली, आणि डॉक्टरांपुढे वेगळाच प्रश्न आला. एचआयव्ही असलेल्यांत हृदयविकाराचा धोका इतरांच्या जवळपास दुप्पट आढळतो. संशय आधी गोळ्यांवर गेला, आणि तो निराधार नव्हता. प्रोटिएझ इनहिबिटर गटातली जुनी औषधे रक्तातली चरबी बिघडवतात. २००७मध्ये मोठ्या पाहणीतून त्यांचा हृदयविकाराच्या झटक्याशी संबंध दिसला.

‘चरबी’ फारसीचीच, ‘चर्ब’ म्हणजे स्निग्ध, तुपकट. ‘कोलेस्टेरॉल’ ग्रीक मातीतला: ‘खोले’ म्हणजे पित्त आणि ‘स्टेरेओस’ म्हणजे घट्ट. पित्ताशयातल्या खड्यांत सापडला म्हणून फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८१५च्या सुमारास असे नाव ठेवले. हा ‘खोले’ आपल्याला परका वाटू नये. पिवळ्या-हिरव्या रंगाच्या एका प्राचीन धातूतून तो आला, आणि त्याच धातूतून आपले ‘हरि’, ‘हिरण्य’, फारसीचे ‘झर’ म्हणजे सोने आणि ‘झर्द’ म्हणजे पिवळा. ‘हरि’पासून हरिद्रा, हरिद्रेपासून हळद. म्हणजे रक्ताच्या रिपोर्टमधले कोलेस्टेरॉल, स्वयंपाकघरातली हळद आणि सोलापुरी लुगड्याची जर ही लांबची का होईना, भावंडे ठरतात.

पण गोळ्या बंद केल्या तर हृदय सुटेल का? हा प्रश्न ‘स्मार्ट’ नावाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीने विचारला. ५,४७२ माणसांपैकी निम्म्यांच्या गोळ्या सीडीफोर, म्हणजे रक्तातल्या संरक्षक पेशींचा आकडा, चांगला असताना थांबवल्या आणि तो घसरला की पुन्हा चालू केल्या. अपेक्षा होती की औषधांचा भार हलका होईल. घडले उलटे. थांबवणाऱ्यांत मृत्यू वाढले, आणि हृदय, मूत्रपिंड व यकृत यांचे गंभीर आजारही वाढले. जानेवारी २००६मध्ये तो प्रयोग थांबवावा लागला. विषाणू मोकळा सुटला की शरीरात सतत धुमसणारा दाह रक्तवाहिन्यांना झिजवतो, असे त्यातून पुढे आले. सोलापूरच्या सिव्हिलमधल्या एआरटी केंद्रात ‘गोळी एक दिवसही चुकवू नका’ असे कळकळीने सांगतात, त्यामागे हा अनुभवही उभा आहे.

या ‘चाचणी’बद्दल थोडे विषयांतर करतो. सरकारी मराठीत क्लिनिकल ट्रायलला ‘नैदानिक चाचणी’ म्हणतात. ‘निदान’ वेदात दोर आहे, जनावर बांधायचे दावे. बांधून ठेवणारे ते कारण, कारण ओळखणे ते रोगनिदान, आणि मराठीत शेवटी ‘निदान तपासून तरी घ्या’ मधले ‘निदान’. अरबी ‘अक्ल’चे मूळही उंटाचा पाय बांधण्याच्या क्रियेत आहे. उधळणाऱ्या मनाला बांधून ठेवते ती अक्कल. दोन दूरच्या भाषांनी समज आणि कारण यांना एकाच दाव्याला बांधले, हे पाहून मन हरखते. अक्कलकोटला भक्तमंडळी ‘प्रज्ञापुरी’ म्हणतात, त्यात नावाच्या पहिल्या अर्ध्याचा हाच अर्थ धरलेला दिसतो. आणि ‘क्लिनिकल’? ग्रीक ‘क्लिने’ म्हणजे खाट, तिचा धातू टेकण्याचा, रेलण्याचा. ग्रीक ‘क’ जिथे येतो तिथे संस्कृतात पुष्कळदा ‘श’ असतो, म्हणून हा धातू आपला ‘श्रि’ ठरतो. ‘श्रि’पासून ‘आश्रय’. क्लिनिकला आश्रय म्हणणे व्युत्पत्तीला धरून आहे.

तीच ‘क’–‘श’ची गाठ हृदयापाशीही आहे. ग्रीक ‘कार्डिया’, ज्यावरून कार्डिओग्राम, आणि संस्कृत ‘हृद्’ यांचे कूळ एक, पण नियमाने संस्कृतात ‘श’ हवा होता आणि तिथे ‘ह’ बसला आहे. तो हरवलेला ‘श’ बहुधा ‘श्रद्धा’मध्ये टिकला असावा. ‘श्रत्’ म्हणजे हृदय, ‘धा’ म्हणजे ठेवणे, असा तिचा विग्रह अनेक भाषाशास्त्रज्ञ करतात. फारसी ‘दिल’ही याच ‘हृद्’चा चुलत भाऊ. अक्कलकोटच्या वटवृक्ष मंदिराच्या रांगेतली श्रद्धा, खाटकाच्या दुकानातले दिल आणि दवाखान्यातला कार्डिओग्राम एका घराण्यातले निघतात. काळीज मात्र या घराण्यात दत्तक आलेले आहे.

आता मूळ मुद्द्याकडे. हृदयासाठी काही करायचे तर ते कुठे करायचे? याचे मोठे उत्तर ‘रिप्रीव्ह’ चाचणीने दिले. नावाचा अर्थ मोहलत, शिक्षेला मिळालेली स्थगिती. भारतासह १२ देशांतल्या ७,७६९ एचआयव्हीग्रस्तांना, वय ४० ते ७५, रोज ४ मिलिग्रॅम पिटाव्हास्टॅटिन किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली गेली. ही माणसे हृदयाच्या नेहमीच्या हिशेबात फारशी धोक्यातली नव्हती. त्यांना एरवी कुणी स्टॅटिन लिहून दिले नसते. सुमारे पाच वर्षांनंतर, २०२३मध्ये, फरक इतका स्पष्ट दिसला की चाचणी ठरल्या वेळेआधी थांबवली. हृदयाचे आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे गंभीर प्रसंग गोळी घेणाऱ्यांत ३५ टक्क्यांनी कमी होते. साध्या आकड्यांत, दर हजार माणसांमागे वर्षाला सातच्या आसपास घडणारे प्रसंग पाचच्या आसपास आले. मधुमेह आणि स्नायूदुखी मात्र थोडी वाढली, आणि ते रुग्णाला आधी सांगायलाच हवे.

‘स्टॅटिन’मधला ‘स्टॅट’ ग्रीक, अर्थ उभा राहिलेला, थांबलेला. आपला ‘स्था’ तोच. पहिले स्टॅटिन जपानी शास्त्रज्ञ अकिरा एन्दो यांना १९७०च्या दशकात बुरशीत सापडले. आणि ते थांबवते काय? कोलेस्टेरॉल घडवणारी एक पायरी, आणि तीही मुख्यतः यकृतात. तिथे निर्मिती अडली की यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घेऊ लागते, आणि त्याचा लाभ हृदयाच्या धमन्यांना होतो. पिटाव्हास्टॅटिनच का निवडले, याचेही उत्तर यकृतातच आहे. एचआयव्हीची काही औषधे यकृतातली विकरे अडवतात, त्यामुळे सिम्व्हास्टॅटिनसारख्या गोळीचे प्रमाण रक्तात धोकादायक वाढते. पिटाव्हास्टॅटिन त्या विकरांवर फारसे अवलंबून नाही. दुखणे छातीतले आणि औषधाचे काम बरगड्यांखाली उजवीकडे. ‘काळीज’ या एका शब्दात दोन्ही ठिकाणे आधीपासूनच राहत होती, हे मला फार विलक्षण वाटते.

पुण्यात भोसरीला १९९२मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली, आणि बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सहकार्याने एचआयव्हीवरचे संशोधन दोन दशकांहून अधिक काळ चालू आहे. हे ज्ञान आपल्या दाराशी आहे. ते अक्कलकोटच्या, आळंदच्या माणसापर्यंत त्याच्या शब्दांत पोचले पाहिजे. ‘तुमचा व्हायरल लोड खाली आहे, आता काळीजही तपासून घेऊ’ हे वाक्य त्याला ‘हृदयवाहिन्यासंबंधी जोखीम’ यापेक्षा लवकर कळेल, याची मला खात्री आहे.

काळजावरूनच ‘काळजी’ निघाली, काळजाला लागते ती. क्रियापद बदलले की तिचा अर्थ पालटतो: ‘काळजी करू नका’ आणि ‘काळजी घ्या’. समुपदेशक या दोन्ही गोष्टी एका दमात सांगतात आणि रुग्णाला त्यात विसंगती वाटत नाही. हिंदीत कलेजा असून ‘काळजी’ नाही. तिथे चिंता आणि फिक्र. गुजरातीत ‘काळजी’ आहे, कोकणीत आहे, आणि कन्नडने ती उचलली आहे, बहुधा मराठीकडूनच. मात्र कन्नडने त्यातली चिंता बरीचशी मागे ठेवली आणि आस्था, जपणूक हा अर्थ पुढे आणला. पुरात घर गेलेल्यांसाठी कर्नाटक सरकार छावणी उघडते, तिच्या पाटीवर ‘काळजी केंद्र’ असे लिहिलेले असते.