कुणाचा पठ्ठा? तालमीतला एक प्रश्न आणि पाण्याखालच्या गुहा

कोल्हापूरच्या तालमीत नवखा पैलवान दिसला की त्याच्या वजनाची चौकशी नंतर होते. आधी विचारले जाते, "कुणाचा पठ्ठा?" या दोन शब्दांच्या उत्तरात त्याने कोणती मेहनत केली असेल, कोणते डाव त्याच्या अंगात मुरले असतील आणि अडचणीत सापडल्यावर तो काय करील, याचा बराचसा अंदाज जाणत्यांना येतो. शाहूपुरी ही राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेली व्यापारपेठ. गुळामुळे तिचे नाव दूरवर गेले, पण कुस्तीशौकिनांना ती तिच्या तालमीसाठी ठाऊक आहे. एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे या तालमीत घडले आणि १९५९ मध्ये पहिले हिंदकेसरी झाले. अशा तालमीत दाखला मागत नाहीत, वस्तादाचे नाव विचारतात.

या धाग्याचा विषय मात्र कुस्ती नाही. विषय आहे पाण्याने भरलेल्या गुहांमध्ये बुडी मारण्याची विद्या, म्हणजे केव्ह डायव्हिंग, आणि ती कोणाकडून शिकावी हा प्रश्न. वरवर पाहता दोहोंचा काही संबंध नाही. परंतु तालमीने पहिल्या दिवसापासून विचारलेला प्रश्न या विद्येला फार उशिरा, आणि अनेक मृत्यूंनंतर, नीट विचारता आला.

आधी धोका कोणता ते समजून घ्यावे लागते. समुद्रात स्कूबा करणाऱ्याला काही बिघडले तर डोक्यावर मोकळे पाणी असते. सावकाश वर येण्याची वाट, निदान तत्त्वतः, उघडी असते. गुहेत डोक्यावर खडक असतो. पन्हाळ्यावरची अंधारबाव ज्यांनी पाहिली आहे त्यांनी ती छतापर्यंत पाण्याने भरली आहे, दिवे विझले आहेत आणि दार शंभर-दोनशे मीटर मागे राहिले आहे, अशी कल्पना करावी. तळाशी वर्षानुवर्षे साचलेला बारीक गाळ असतो. पायातल्या पंखांचा एक चुकीचा फटका बसला की काचेसारखे पाणी क्षणात गढूळ होते आणि हातातला दिवाही दिसेनासा होतो. अशा वेळी प्रवेशद्वारापासून अंथरत आणलेली बारीक दोरी हाताशी असेल तर माणूस चाचपडत परत येतो. नसेल तर पाठीवरच्या नळकांड्यातली हवा संपेपर्यंत वाट शोधत राहतो.

या विद्येचा आरंभ १९३५ मध्ये इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातील वूकी होल या गुहेत झाला, असे सामान्यतः मानले जाते. ग्रॅहम बाल्कम आणि जॅक शेपर्ड हे त्या मोहिमेचे म्होरके. पेनेलोपी पॉवेल ही स्त्रीही त्यांच्याबरोबर पाण्यात उतरली. त्यांना शिकवणार कोण? गुहेत बुडी मारणारा वस्तादच तेव्हा अस्तित्वात नव्हता. सीब गॉर्मन या पाणबुड्यांचे पोशाख बनवणाऱ्या कंपनीने त्यांना तांब्याची शिरस्त्राणे आणि शिशाचे बूट दिले, शिक्षणही दिले. पण ते शिक्षण बंदरात आणि बुडालेल्या जहाजांवर काम करणाऱ्यांचे होते. गुहेचे पाठ या मंडळींनी गुहेतच गिरवले आणि ती चालत चालत सातव्या दालनापर्यंत पोहोचली.

१९४६ मध्ये बाल्कमने केव्ह डायव्हिंग ग्रुप स्थापन केला. त्याची रीत पाहिली की तालमीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. तेथे फी भरून चार दिवसांत प्रमाणपत्र घ्यायची सोय नव्हती. नवा मनुष्य आधी उमेदवार म्हणून यायचा, जुन्यांबरोबर पाण्यात उतरायचा, त्यांची नळकांडी वाहायचा आणि पुरेसे पाहून झाल्यावर जुने सभासदच त्याला पक्का म्हणायचे. ही रीत आजही मोडलेली नाही. तिने सगळेच वाचले असेही नाही: १९४९ मध्ये त्याच वूकी होलमध्ये गॉर्डन मॅरिएट मरण पावला आणि ब्रिटनमधील गुहा-पाणबुड्याच्या पहिल्या मृत्यूची नोंद झाली.

खरी कसोटी अटलांटिकपलीकडे लागली. फ्लोरिडा राज्याच्या उत्तर भागात चुनखडीच्या जमिनीखालून शेकडो झरे वर येतात. पाणी नितळ, बऱ्यापैकी उबदार, आणि झरा कित्येकदा रस्त्याला लागूनच. दुसऱ्या महायुद्धानंतर हवेची नळकांडी दुकानात मिळू लागली आणि विद्यापीठांतली मुले, सुटीवर आलेले हौशी, समुद्रात सराव झालेले पाणबुडे या झऱ्यांकडे लोटले. झऱ्याच्या तळाशी एक काळे तोंड दिसे. आत डोकावायला कोणी अडवत नसे. प्रेते बाहेर काढण्याचे काम स्थानिक पोलिसांवर आणि काही अनुभवी पाणबुड्यांवर येऊ लागले आणि झरेच बंद करावेत, अशी मागणी जोर धरू लागली.

या दडपणातून १९६८ मध्ये नॅशनल असोसिएशन फॉर केव्ह डायव्हिंग ही संस्था उभी राहिली आणि १९७३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय गुहा-संशोधन संस्थेने डायव्हिंगसाठी स्वतंत्र विभाग काढला. तेथून अभ्यासक्रम, परीक्षा, पायऱ्या आणि ओळखपत्रे आली. आधी गुहेच्या तोंडाशी, सूर्यप्रकाश दिसत राहील इतक्याच अंतरात. मग थोडे आत. आणि शेवटी पूर्ण गुहा. गुहेत शिकवण्याचा परवाना प्रथमच समुद्रात शिकवण्याच्या परवान्यापासून वेगळा झाला.

हे वेगळे करणे का भाग पडले? मेलेल्यांमध्ये प्रशिक्षकही होते म्हणून. खुल्या पाण्यात इतरांना शिकवणारे, कागदोपत्री पूर्ण पात्र असे लोक गुहेतून परत आले नव्हते. आज फ्लोरिडातील आणि मेक्सिकोतील अनेक गुहांच्या तोंडाशी पाण्याखाली एक फलक रोवलेला असतो. त्यावर काळदूताचे चित्र असते आणि मजकुरात तीनशेहून अधिक पाणबुडे अशा गुहांमध्ये मेल्याचे सांगताना, त्यांत खुल्या पाण्याचे प्रशिक्षकही होते, हे मुद्दाम नोंदलेले असते. पाटी लिहिणाऱ्याला नेमकी कोणाची समजूत काढायची होती, ते यावरून कळते. नवशिका मुळात बिचकतो. आपल्याला सगळे येते असे ज्याला वाटते, त्याला थांबवणे कठीण.

समुद्रातला प्रशिक्षक का फसला, याचा शोध घेणाऱ्यांत शेक एक्स्ली हे नाव सर्वांत मोठे आहे. तो फ्लोरिडातील शाळेत गणित शिकवत असे. वयाच्या तेविसाव्या वर्षी, १९७२ मध्ये, त्याच्या नावावर गुहेतल्या एक हजार बुड्या जमा झाल्या होत्या. १९७९ मध्ये त्याने एक छोटी पुस्तिका काढली. तिची मांडणी गणिताच्या मास्तरला शोभेल अशीच होती: प्रत्यक्ष घडलेला अपघात घ्यायचा, कोणती चूक आधी झाली आणि तिने पुढची कशी ओढून आणली ते उलगडायचे, आणि त्यातून एक नियम काढायचा. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा समोर आल्या. खुल्या पाण्यापर्यंत अखंड दोरी नव्हती. परतीपुरती हवा राखली नव्हती. झेपेल त्याहून खोल गेले होते. हवेचा हिशेब तर साधा तिसऱ्या हिश्श्याचा आहे: एक हिस्सा जायला, एक यायला आणि एक ठेवायचा, कारण परतताना जोडीदाराची हवा संपली तर दोघांना एकाच साठ्यावर बाहेर यावे लागते. समुद्रातल्या प्रशिक्षकाला या हिशेबाची गरज कधी पडलेलीच नव्हती. त्याच्या सवयी चांगल्या होत्या, पण दुसऱ्या हौद्यातल्या होत्या.

१९८० च्या दशकात वेस स्काईल्स आदींनी ही यादी वाढवली. दिव्यांचा नियम आला, म्हणजे प्रत्येकाजवळ किमान तीन दिवे. आणि सगळ्यांच्या वर एक कारण बसवले गेले: गुहेसाठीचे शिक्षणच नसणे. तेव्हापासून 'शिकला होता का' या प्रश्नाबरोबर 'कोणाकडे' हाही प्रश्न अपघातांच्या चर्चेत येऊ लागला.

येथे तालीम आणि प्रमाणपत्र यांतला फरक नीट पाहण्यासारखा आहे. पठ्ठा मैदानात चीत झाला तर वस्तादाची मान खाली जाते. खासबागेत हजारो डोळ्यांसमोर हा हिशेब होतो. शुल्क घेऊन शिकवणाऱ्याचा हिशेब अभ्यासक्रम संपताच मिटतो. विद्यार्थी पुढे वर्षभराने कोठल्या गुहेत गाळ उडवतो, ते पाहायला तो तेथे नसतो. शिवाय ज्याचे पोट विद्यार्थ्याच्या पैशावर आहे, त्याला "तुला अजून जमत नाही, ओळखपत्र मिळणार नाही" असे म्हणणे जड जाते. म्हणूनच या क्षेत्रातले जाणते नव्या शिकाऊला एक विचित्र वाटणारा सल्ला देतात: प्रशिक्षकाने आजवर किती जणांना नापास केले, ते विचारावे. कोणालाच नापास न करणारा शिक्षक शाळेत लोकप्रिय ठरेल. येथे त्याच्यापासून दूर राहिलेले बरे.

इतर प्रश्नही याच अनुभवातून आलेले आहेत. तो शिकवण्यापलीकडे स्वतः हौसेने गुहेत उतरतो का? एका वेळी किती विद्यार्थी घेतो? दिवे बंद करून, डोळे झाकून, केवळ दोरी चाचपत बाहेर येण्याचा सराव तो खरोखर करून घेतो, की तोंडी सांगून पुढे जातो? हातची दोरी सुटली तर ती पुन्हा कशी शोधायची, जोडीदाराला लांब नळीतून हवा देत अरुंद वाटेने कसे परतायचे, हे अंगवळणी पडेपर्यंत तो थांबतो का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शिकाऊने मध्येच बुडी थांबवण्याची खूण केली, तर तो कारण न विचारता मागे वळतो का? गुहेत हा हक्क प्रत्येकाला आहे आणि त्याबद्दल कोणी कोणाला जाब विचारत नाही. ज्या शिक्षकासमोर हा हक्क बजावायला संकोच वाटतो, तो कितीही नावाजलेला असला तरी उपयोगाचा नाही.

वस्ताद एक डाव राखून ठेवतो, असे आपल्याकडे म्हणतात. माजलेला पठ्ठा उलटला तर शेवटी तो डाव कामी येतो, ही गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. गुहेत ही म्हण उलटी पडते. तेथे शिकाऊच शिक्षकाचा जोडीदार असतो आणि शिक्षकाने राखून ठेवलेली गोष्ट उद्या त्याच्याच जिवावर बेतू शकते.

विक्रम आणि शिकवण्याची हातोटी यांची गल्लत करणेही धोक्याचे. एक्स्लीत दोन्ही होते, हा योगायोग. १९९४ च्या एप्रिलमध्ये मेक्सिकोतील झाकाटोन या अतिखोल कुंडात हजार फुटांचा तळ गाठण्याच्या प्रयत्नात तो मरण पावला. त्याच्या पुस्तिकेतले नवशिक्यांसाठीचे नियम त्या मृत्यूने खोटे ठरले नाहीत, पण केवळ खोलीचे आकडे पाहून गुरू निवडणाऱ्यांनी ती तारीख ध्यानात ठेवावी.

महाराष्ट्रातल्या तरुणाला स्कूबाचे पहिले धडे तारकर्लीत मिळू शकतात. राज्याच्या पर्यटन महामंडळाची प्रशिक्षण संस्था तेथे आहे. ते शिक्षण मोकळ्या समुद्राचे. गुहेसाठी शिकाऊ आजही मुख्यतः फ्लोरिडा किंवा मेक्सिकोचे युकातान गाठतात.

तरीही या विद्येचा सर्वांत गाजलेला प्रसंग कोल्हापूरच्या शेजारच्या जिल्ह्याला स्पर्शून गेला. २३ जून २०१८ रोजी थायलंडच्या थाम लुआंग गुहेत बारा मुले आणि त्यांचा फुटबॉल प्रशिक्षक पुराच्या पाण्यामागे अडकले. पाणी उपसण्याच्या कामी सल्ला देण्यासाठी किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ तेथे पोहोचले आणि सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात चार मोठे पंप विमानाने पाठवण्यासाठी सज्ज ठेवले गेले. थाई नौदलाचे पाणबुडे शूर होते, कसलेले होते. पण त्यांचे शिक्षण खुल्या पाण्याचे होते. आत हवेची नळकांडी ठेवून परतताना माजी नौसैनिक समन कुनान ६ जुलै रोजी मरण पावला. त्याआधी, २ जुलैला, मुलांपर्यंत पोहोचलेले रिक स्टँटन आणि जॉन व्होलान्थन हे बाल्कमच्या त्या जुन्या ग्रुपचे सभासद होते. एक अग्निशमन दलातून निवृत्त झालेला, दुसरा संगणक क्षेत्रातला.

मग प्रश्न उभा राहिला तो शिकवण्याचाच. मुलांना काही दिवसांत बुडी मारायला शिकवावे, अशी एक सूचना होती. ज्यांना ही विद्या येत होती त्यांनीच ती बाजूला सारली: घाबरलेला मुलगा अंधारात धडपडला तर तोही जाईल आणि त्याला नेणाराही. ऑस्ट्रेलियाचा भूलतज्ज्ञ आणि गुहा-पाणबुडा रिचर्ड हॅरिस याने मुलांना गुंगीचे औषध द्यायचे आणि पाणबुड्यांनी त्यांना निजलेल्या अवस्थेत बाहेर आणायचे, असे ठरले. ८ ते १० जुलै या तीन दिवसांत तेराही जण बाहेर आले. पण त्या आधी, जन्म गुहांमध्ये घालवलेले हे लोक एका पोहण्याच्या तलावावर गेले. तेथील स्थानिक मुलांना तोंडभर मुखवटा लावून, पाण्यात आडवे धरून, त्यांनी ती सारी क्रिया उथळ पाण्यात करून पाहिली आणि मगच ते गुहेकडे वळले.