एलिचपूरचा परवाना आणि कलम ३२-अ

आजचे अचलपूर १८९३ साली एलिचपूर होते, वऱ्हाडातील एका स्वतंत्र जिल्ह्याचे मुख्य ठाणे. गांजा तेव्हा परवान्याच्या दुकानात उघडपणे विकला जाई आणि त्याचा कर सरकारी तिजोरीत पडे. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेत या विक्रीविषयी प्रश्न उपस्थित झाला आणि सात सदस्यांचा चौकशी आयोग नेमला गेला. हजाराहून अधिक साक्षी झाल्या. त्यांत वऱ्हाडच्याही होत्या. १८९४ चा निष्कर्ष असा, की माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही. बंदी नको, नियंत्रण व कर असावा. महसूल घेणाऱ्या सरकारला तो सोयीचाच होता म्हणा. तीन भारतीय सदस्यांपैकी दोघांनी मात्र भिन्न मत नोंदवले.

१९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याने देशभर गांजा बाळगणे हा गुन्हा ठरवला; भांगेची नुसती पाने व्याख्येबाहेर राहिली. १९८९ मध्ये आलेल्या कलम ३२-अ ने सेवनाचा गुन्हा वगळता इतर शिक्षांत सूट वा कपात देण्याची वाट बंद केली. महाराष्ट्र शासनाविरुद्धच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले, की राष्ट्रपती आणि राज्यपालांचा क्षमाधिकार त्यामुळे बाधित होत नाही.

६ ऑक्टोबर २०२२ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी केवळ गांजा बाळगल्याबद्दल संघीय कायद्याखाली दोषी ठरलेल्यांना एकत्रित क्षमा दिली. भारतात एक किलोपर्यंतच्या गांजासाठी आजही एक वर्षापर्यंत सश्रम कारावास, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.